आकडे खोटे होण्याआधी संचालक गप्प झाले होते

ज्या कंपनीच्या शेअरमध्ये माझी आणि माझ्या थोरल्या बहिणीची बरीचशी बचत बुडाली, तिचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण न्यायालयात आहे. शिवाय नावापेक्षा पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे, कारण तीच पद्धत उद्या दुसऱ्या नावाने तुमच्यासमोर येऊ शकते. मी नोकरीची सगळी वर्षं हिशेबखात्यात काढली. ताळेबंद, नफातोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक हे माझे रोजचे कागद. पैसे गुंतवण्याआधी या कंपनीचे जुने अहवालही मी वाचले होते. आकडे एकमेकांशी जुळत होते. पण ते खरे आहेत का, हे बघायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि बाहेर बसलेल्या भागधारकाला ते ताळेबंदातून कळायचा मार्ग नव्हता.

बाहेरून सगळं छान होतं. माल बनवून घाऊक व्यापाऱ्यांना विकणारी कंपनी. विक्री दरसाल वाढत होती, लाभांश वेळेवर खात्यात जमा होत होता, बँकेतली शिल्लक भरभक्कम दिसत होती. अहवाल जाडजूड, आणि त्यात ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’, म्हणजे कंपनीच्या कारभारावरची देखरेख, या मथळ्याखाली पानंच्या पानं: समित्यांची नावं, बैठकांचे तक्ते, संचालकांचे फोटो. मग एका संध्याकाळी शेअर बाजाराला पाठवलेली दोन ओळींची सूचना आली. वर्षाचे हिशेब पुरे व्हायच्या आतच लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला होता. कारण, ‘आवश्यक माहिती मिळाली नाही’. दुसऱ्या दिवसापासून त्या शेअरला कुणी घेणाराच उरला नाही. आम्ही विकायला लावले, पण समोर गिऱ्हाईक नव्हतं. पुढे फॉरेन्सिक ऑडिट, म्हणजे घोटाळा शोधण्यासाठी हिशेबांची खोलवर तपासणी, झालं आणि कळलं की बँकेतली बहुतेक शिल्लक अस्तित्वातच नव्हती, आणि ज्या व्यापाऱ्यांकडून येणी दाखवली होती त्यातल्या कितीतरी पेढ्या प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्या, कुटुंबाच्या मर्जीतल्या माणसांच्या नावावर उघडलेल्या होत्या.

हे कसं केलं जातं ते नीट समजून घ्या, कारण इथेच पुढचं सगळं आहे.

खोटी विक्री दाखवणं सोपं असतं, बिल फाडलं की विक्री झाली. अडचण पुढे येते. बिलाचे पैसे यायला हवेत. ते आले नाहीत तर येणी फुगत जातात आणि फुगलेली येणी कुणाच्याही डोळ्यांवर येतात. म्हणून कंपनी स्वतःचेच पैसे ‘पुरवठादाराला आगाऊ रक्कम’ किंवा ‘यंत्रसामग्रीसाठी उचल’ म्हणून बाहेर पाठवते. ते दोन-चार खात्यांतून फिरतात आणि त्या कागदी गिऱ्हाइकाकडून ‘बिलाची वसुली’ म्हणून परत कंपनीत येतात. बँकेच्या उताऱ्यावर जमा दिसते. विक्रीचं बिल आहे, वसुलीची नोंद आहे, मालवाहतुकीची पावतीही तयार करून घेता येते. कागदाला कागद लावून बघणाऱ्याला सगळं चोख सापडतं. पण हे चक्र दरवर्षी मोठं करावं लागतं, कारण गेल्या वर्षीच्या खोट्या विक्रीवर यंदाची वाढ दाखवायची असते. प्रत्येक फेरीत थोडा खरा पैसा बाहेरच राहतो, कुणाच्या तरी खिशात जातो. शेवटी फिरवायलाही पैसा उरत नाही, आणि मग थेट बँकेतली शिल्लकच कागदावर बनवली जाते.

शिल्लक बनवणं ही अतिशयोक्ती नाही. इटलीच्या पार्मालात या दुग्धपदार्थांच्या कंपनीने आपल्या एका उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत 3.95 अब्ज युरो असल्याचं पत्र दाखवलं होतं. डिसेंबर 2003 मध्ये बँकेने सांगितलं की असं खातंच नाही, ते पत्र बनावट होतं. आपल्याकडच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात स्वतःच कबूल केलं की ताळेबंदातल्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वात नाहीत, आणि त्यावर दाखवलेलं 376 कोटींचं व्याजही नाही. जर्मनीच्या वायरकार्ड या ऑनलाइन पेमेंट कंपनीचे 1.9 अब्ज युरो जून 2020 मध्ये असेच हवेत विरले. देश वेगळे, धंदे वेगळे, पण तिन्हीकडे खोटं त्याच ओळीत लपलं होतं जिला आपण सगळ्यात भरवशाची समजतो: बँकेतली रोकड.

असं काही उघड झालं की पहिला प्रश्न असतो, ऑडिटर काय करत होते? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑडिटर नेमायची शिफारस कुणी केली, त्याची फी कुणी ठरवली, आणि त्याला काही खटकलं तर ते त्याने कुणाला जाऊन सांगायचं? याच प्रश्नांसाठी ऑडिट कमिटी असते, म्हणजे बोर्डातल्या (संचालक मंडळातल्या) काही जणांची हिशेबांवर लक्ष ठेवणारी समिती. तिच्यात बहुतेक सदस्य स्वतंत्र संचालक असावेत, म्हणजे प्रवर्तकांशी किंवा व्यवस्थापनाशी ज्यांचे पैशाचे हितसंबंध नाहीत असे. लेखापरीक्षकाने मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या डोक्यावरून थेट या कमिटीशी बोलावं, अंतर्गत लेखापरीक्षकाचा अहवालही तिच्याकडे यावा, नातेवाइकांच्या कंपन्यांशी होणारे व्यवहार तिच्या नजरेखालून जावेत. ब्रिटनमध्ये 1992 च्या कॅडबरी समितीच्या अहवालाने हा आराखडा ठळकपणे मांडला, आणि एन्रॉन ही ऊर्जा कंपनी हिशेबाच्या घोटाळ्यात बुडाल्यावर अमेरिकेत 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने त्याला कायद्याचा धाक दिला. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्त अधिकारी यांनी हिशेबांवर स्वतःच्या जबाबदारीने सही करायची, ही सक्ती त्या कायद्यातली.

आमच्या कंपनीतही हे सगळं कागदावर होतं. न्यायालयात दाखल झालेल्या कागदांमध्ये ऑडिट कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं होती, ती मी वाचली. बैठक साडेदहाला सुरू, अकराला संपलेली, आणि अकरालाच त्याच खोलीत बोर्डाची बैठक सुरू. अर्ध्या तासात तिमाहीचे हिशेब, नातेवाइकांशी झालेले व्यवहार, अंतर्गत लेखापरीक्षण, सगळं ‘विचारात घेऊन समाधान व्यक्त करण्यात आले’. हे वाक्य प्रत्येक तिमाहीत तेच होतं. ‘समाधान’ या शब्दात टाइप करताना एक काना राहून गेला होता, तो पुढच्या प्रत्येक इतिवृत्तात तसाच राहून गेला. ही इतिवृत्तं कुणी वाचून सही करत नव्हतं, याला मला याहून वेगळा पुरावा नको. कमिटीने लेखापरीक्षकांना एकटं, व्यवस्थापनाला बाहेर बसवून, एकदाही बोलावल्याची नोंद त्यात नव्हती. अंतर्गत लेखापरीक्षक कंपनीचाच नोकर, आणि त्याची पगारवाढ वित्त अधिकाऱ्याच्या हातात. ज्याच्या खात्याची तपासणी करायची, त्याच्याच सहीने पगार वाढणार असेल तर तो माणूस काय लिहिणार?

आणि कमिटीचे अध्यक्ष? अहवालात त्यांच्या नावापुढे ‘स्वतंत्र संचालक’ असं लिहिलेलं. फॉरेन्सिक अहवालातून कळलं की बोर्डावर यायच्या आधी बरीच वर्षं त्यांची सल्लागार पेढी याच प्रवर्तक कुटुंबाच्या दुसऱ्या कंपन्यांकडून फी घेत होती. नियमांच्या शब्दांत ते बसत होते, कारण असे संबंध संपल्यावर मधे जावा लागणारा ठरलेला काळ लोटला होता.

त्यांना मी एकदा समोरून पाहिलं आहे, वार्षिक सर्वसाधारण सभेत. एक वयस्कर भागधारक उठले. हातात अहवाल, त्यात कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “साहेब, अमुक क्रमांकाच्या टिपेत पुरवठादारांना दिलेली आगाऊ रक्कम गेल्या वर्षीच्या दुप्पट झाली आहे. माल मात्र तेवढा आलेला दिसत नाही. हे पुरवठादार कोण?” सभेच्या अध्यक्षांनी वित्त अधिकाऱ्याकडे बघितलं. वित्त अधिकारी म्हणाले, “सर, हे धंद्याच्या गरजेनुसार असतं, तपशील आम्ही तुम्हाला कळवू.” ते आजोबा खाली बसले नाहीत. म्हणाले, “मला ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडून उत्तर हवं आहे, ते समोर बसले आहेत.” सभागृह गप्प झालं. कमिटीच्या अध्यक्षांनी माइक हातातही घेतला नाही. सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. नंतर बाहेर मी त्या आजोबांना विचारलं, तुम्ही हिशेबतपासनीस का? ते म्हणाले, “नाही हो ताई, मी शाळेत गणित शिकवायचो. मला फक्त एवढं कळतं की उत्तर माहीत असलं की माणूस लगेच सांगतो.” त्यांनी तसे विचारले नसते तर मला त्या टिपेचं महत्त्व आजही कळलं नसतं. फॉरेन्सिक अहवालात नेमका तोच पैसा फिरताना सापडला.

मोठी नावं बघून निर्धास्त होऊ नका, हे मी जीव तोडून सांगते. एन्रॉनच्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष हिशेबशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते, स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचे माजी अधिष्ठाता. तरीही त्या बोर्डाने कंपनीची आचारसंहिता बाजूला ठेवून वित्त अधिकाऱ्याला स्वतःच्या भागीदाऱ्या काढू दिल्या आणि त्याच भागीदाऱ्यांशी कंपनीचे व्यवहार होऊ दिले. लेखापरीक्षक आर्थर अँडरसनला 2000 साली एन्रॉनकडून लेखापरीक्षणाचे सुमारे 2.5 कोटी डॉलर मिळाले आणि इतर कामांचे 2.7 कोटी. इतर कामं तपासणीपेक्षा जास्त कमाई देत असतील तर तपासणारा किती ताणून धरेल? डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. सत्यमच्या बोर्डावरही नावाजलेले प्राध्यापक आणि माजी वरिष्ठ सनदी अधिकारी होते. 2008 साली त्या कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 16 डिसेंबरला त्या बोर्डाने प्रवर्तक कुटुंबाच्या मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरना विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासांत माघार घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी कबुलीचं पत्र आलं. जपानच्या तोशिबाने तर 2003 पासूनच समित्यांची आधुनिक रचना स्वीकारलेली होती. 2015 मध्ये फुगवलेला नफा उघड झाला तेव्हा दिसलं की ऑडिट कमिटीच्या प्रमुखपदी कंपनीचेच माजी वित्त अधिकारी बसले होते. स्वतःच्या काळात झालेले हिशेब ते कसे उकरणार होते?

यावर अभ्यासही झाले आहेत. मार्क बीझली यांनी 1996 साली हिशेबात अफरातफर झालेल्या 75 आणि न झालेल्या 75 अमेरिकी कंपन्या शेजारी ठेवून पाहिल्या. ज्या बोर्डांवर बाहेरच्या संचालकांचं प्रमाण जास्त होतं तिथे अफरातफर कमी होती. ऑडिट कमिटी आहे की नाही, एवढ्याने मात्र ठळक फरक पडला नव्हता. हा निष्कर्ष वाचल्यावर मला आमच्या कंपनीच्या अहवालातला तो बैठकांचा तक्ता आठवला, शंभर टक्के हजेरीचा.

कमिटी जागी असेल तर काय घडतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचं आहे. ती कंपनी वाईटच होती. दुसऱ्या दूरसंचार कंपन्यांना द्यायचा रोजचा खर्च भांडवली खर्च म्हणून, म्हणजे मालमत्ता घेतल्यासारखा, दाखवून नफा फुगवला जात होता. पण 2002 मध्ये तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांना त्या नोंदी सापडल्या. वित्त अधिकाऱ्याने त्यांना तपासणी पुढे ढकलायला सांगितलं. त्या थांबल्या नाहीत, ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेल्या. वित्त अधिकाऱ्याला कमिटीपुढे खुलासा करावा लागला, तो पटण्यासारखा नव्हता, आणि 3.8 अब्ज डॉलरचा खोटेपणा जाहीर झाला. हा आकडा पुढे आणखी बराच वाढला. कूपर यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांना दार ठोठावायला कुणीतरी होतं, हेही खरं. आमच्या कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षकाने, निदान फॉरेन्सिक अहवाल सांगतो त्याप्रमाणे, येण्यांबद्दल एक टिपण लिहिलं होतं. ते वित्त अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

प्रत्येक ठिकाणी उघड चोरी असते असं नाही. बोर्ड ढिलं असलं की आधी छोट्या गोष्टी सैल होतात. बुडीत येण्यांची तरतूद पुढच्या वर्षावर जाते, घसाऱ्याची वर्षं वाढवली जातात, चालू खर्च मालमत्तेत जातो, दरवर्षी काहीतरी ‘अपवादात्मक बाब’ म्हणून वेगळं काढलं जातं. प्रत्येक बदलाला कारण देता येतं. हिशेबाच्या नियमांमध्ये अंदाजाला जागा असतेच, आणि त्या अंदाजावर ‘हे जास्त होतंय’ असं म्हणणारं बोर्डात कुणी नसेल तर अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकतो.

म्हणून आता मी अहवाल मागून वाचते. पहिल्यांदा लेखापरीक्षकाचा अहवाल. त्यात ‘अधीन राहून’, ‘लक्ष वेधत आहोत’ असं काही आहे का, आणि गेल्या वर्षीच्या शब्दांत काय बदललं. मग लेखापरीक्षक किती वर्षांनी बदलला, मुदत संपून की मधेच. मधेच सोडताना ‘कामाचा व्याप’ असं कारण दिलं असेल तर तिथेच थांबते. वित्त अधिकारी दर एक-दोन वर्षांनी बदलत असतील तर तेही तसंच. त्यानंतर संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या यांच्याशी, झालेल्या व्यवहारांची टीप. आयएएस 24 या आंतरराष्ट्रीय हिशेबमानकाप्रमाणे ही माहिती द्यावीच लागते, आणि ती कितीही बारीक अक्षरात असली तरी अहवालातलं सगळ्यात बोलकं पान तेच असतं. गेल्या वर्षीची रक्कम शेजारी लिहून बघा. नवीन नावं आली का, उचल परत आली का की नुसती पुढे ओढली, हे बघा.

स्वतंत्र संचालकांची माहिती बाहेरून शोधा, अहवालातल्या परिचयावर जाऊ नका. ते आधी कुठे होते, त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या कंपन्यांवर आहेत का, किती कंपन्यांच्या बोर्डांवर एकाच वेळी बसतात. पाच-सहा ठिकाणी बसणारा माणूस कुठलेही हिशेब खोलात वाचू शकत नाही. लेखापरीक्षकाची फी आणि त्याच पेढीला दिलेली इतर फी, दोन्ही बघा. कंपनी पसरलेली आणि फी नाममात्र असेल तर तेवढ्या पैशांत नीट तपासणी होऊच शकत नाही.

एक साधा हिशेब मात्र जरूर करा. वर्षभरात मिळालेलं व्याज भागिले बँकेतली सरासरी शिल्लक. आलेला दर बँका त्या वर्षी ठेवींवर देत असलेल्या दराच्या निम्म्यानेही नसेल तर विचारा, पैसा कुठे ठेवला आहे. आमच्या कंपनीत तो दर तसाच पडेल होता. त्याच ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला महाग व्याजाची अल्पमुदतीची कर्जं होती. ज्याच्या घरात पैसा आहे तो सावकाराकडे जात नाही. याचं एखादं खरं कारणही असू शकतं, पण ते सांगायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

प्रश्न विचारायचा तो लेखी, ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांच्या नावाने, टिपेचा क्रमांक आणि पान देऊन. सभेतलं तोंडी उत्तर कुठे राहत नाही, लेखी प्रश्नाची पोच राहते. मी आता उरलेल्या सगळ्या कंपन्यांना असं लिहिते. काही जणांकडून सविस्तर उत्तर येतं. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, तिथले शेअर आम्ही विकून टाकले, भाव बघितला नाही.

ज्यांच्याकडे अशा कंपनीचे शेअर आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी. कंपनी अडचणीत आल्यावर तिच्या संकेतस्थळावरचे जुने अहवाल दिसेनासे झाले, आणि दावा भरताना आम्हाला नेमके तेच लागले. बहिणीने ते छापून ठेवले होते म्हणून आम्ही तरलो. तुमच्याकडच्या प्रत्येक कंपनीचे अहवाल, शेअर बाजाराला पाठवलेल्या सूचना, खरेदीच्या पावत्या आणि तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांच्या पोचा आजच उतरवून स्वतःजवळ ठेवा. आणि इतर भागधारकांना शोधा. एकट्याने वकील परवडत नाही. आमचा दावा आता बऱ्याच जणांनी मिळून चालवला आहे, आणि त्यात ते गणिताचे शिक्षकही आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या अहवालासकट.